गवताच्या शिक्क्यानं मांस मऊ होत नाही

दिल्ली, गुडगाव आणि नोएडातल्या हौशी स्वयंपाक्यांमध्ये, आणि त्यांच्यासाठी लिहिणाऱ्यांमध्येही, गेली काही वर्षं एक मत घट्ट होत चाललं आहे. ते असं की, घरी बीफ शिजवायचं तर ते 'ग्रास-फेड' हवं, म्हणजे जन्मभर फक्त चाऱ्यावर वाढलेल्या जनावराचं. आपल्याकडच्या कसायाकडे मिळतं ते म्हाताऱ्या म्हशीचं, चिवट, वास मारणारं. कबाबात घालण्यापलीकडे त्याचा उपयोग नाही. तेव्हा एकतर महागडा अंडरकट, म्हणजे पाठीच्या कण्याखालचा मऊ भाग घ्यावा, नाहीतर हा नाद सोडून द्यावा. या मताचा प्रतिवाद करायला हवा, कारण हा निव्वळ आवडीनिवडीचा प्रश्न नाही. मांसाची पारख, ते शिजवण्याची रीत आणि ते विकणाऱ्या माणसांकडे बघण्याची नजर, या तिन्ही बाबतींत हे मत वाचकाची दिशाभूल करतं. माझं म्हणणं थोडक्यात असं आहे: दिल्ली परिसरातल्या घरात चांगलं बीफ शिजायला परदेशी शिक्का लागत नाही. त्याला लागते या मांसाला साजेशी शिजवण्याची रीत, आणि स्वच्छ, कायदेशीर, निर्धास्त व्यापार. पहिली गोष्ट या शहराकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे. दुसरी अजून नाही, आणि गवताच्या चर्चेत नेमका तिचाच विसर पडतो.

आधी हे मांस कोणत्या जनावराचं, ते स्पष्ट करू. दिल्लीत 1994 च्या कृषी पशू संरक्षण कायद्यानं गाय, वासरू, वळू आणि बैल यांच्या कत्तलीवर बंदी आहे. त्यांचं मांस जवळ बाळगणंही गुन्हा आहे, मग ते जनावर दिल्लीबाहेर कापलेलं का असेना. उत्तर प्रदेशात 1955 चा गोवध निवारण कायदा आहे आणि 2020 मध्ये त्याची शिक्षा दहा वर्षांपर्यंत वाढवली गेली. हरियाणानं 2015 मध्ये गोवंश संरक्षणाचा स्वतंत्र, कडक कायदा केला. भारताच्या आयात धोरणातही गोमांस निषिद्ध आहे. म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या किंवा न्यूझीलंडच्या कुरणावर वाढलेल्या गायीचं मांस दिल्लीच्या घरात कायदेशीरपणे येऊच शकत नाही. या परिसरात कायद्यानं शिजू शकतं ते फक्त म्हशीचं किंवा रेड्याचं मांस, ज्याला दिल्लीत 'बडे का गोश्त' आणि आपल्याकडे 'मोठ्याचं' म्हणतात. तिन्ही राज्यांच्या गोवंश कायद्यांतून म्हैस वगळलेली आहे. म्हणून परदेशी पाकपुस्तकांतला ग्रास-फेड बीफचा सल्ला जसाच्या तसा इथं लागू करणं ही पहिली चूक. तो सल्ला वेगळ्या जनावरासाठी, वेगळ्या शेतीसाठी आणि वेगळ्या बाजारासाठी लिहिलेला आहे.

तो शिक्का तिकडे का जन्माला आला, हे समजून घेतलं की तो इथं का बसत नाही हेही कळतं. अमेरिकेत मांसासाठी पाळलेली बहुतेक जनावरं आयुष्याचे शेवटचे काही महिने बंदिस्त गोठ्यांत मक्यासारख्या धान्यावर पोसली जातात. स्नायूंमध्ये चरबीची जाळी तयार व्हावी आणि मांस लवकर मऊ शिजावं, हा त्यामागचा हेतू. या पद्धतीला कंटाळलेल्या ग्राहकांसाठी 'फक्त गवतावर वाढलेलं' हा पर्याय पुढे आला. अमेरिकेच्या कृषी खात्यानं 2007 मध्ये या दाव्यासाठी मानक ठरवलं आणि जानेवारी 2016 मध्ये ते मागेही घेतलं. जिथं हा शब्द रूढ झाला, तिथंही त्याच्या अर्थाची सरकारी हमी टिकली नाही. आपल्याकडची गोष्टच निराळी. रोहतक, जिंद, हिसारच्या मुऱ्हा म्हशी काय किंवा पश्चिम उत्तर प्रदेशातल्या गावठी म्हशी काय, त्यांच्या पोटात मुख्यतः जातो गव्हाचा भुसा, हिवाळ्यात बरसीम, उन्हाळ्या-पावसाळ्यात ज्वारीची हिरवी चरी. दुभती असेल तर वरून सरकी, पेंड आणि चोकर. मांसासाठी धान्यावर पोसण्याची चैन इथल्या शेतकऱ्याला परवडतच नाही. रेडकाला तर बहुधा भुशापलीकडे काही मिळत नाही. म्हणजे शिक्क्याच्या काटेकोर व्याख्येत हे जनावर बसणार नाही, कारण त्यानं पेंड खाल्लेली असते. पण ज्या धान्यपोशीला विरोध म्हणून तो शिक्का निघाला, ती धान्यपोशी इथं मुळातच नाही.

शिक्क्यावर विश्वास ठेवणाऱ्यांना एक हमखास खूण सांगितली जाते: चरबी पिवळसर असेल तर जनावर गवतावर वाढलेलं. गायीच्या बाबतीत यात तथ्य आहे. हिरव्या चाऱ्यातलं बीटा-कॅरोटिन गायीच्या चरबीत साठतं आणि तिला पिवळी झाक येते. गायीचं तूपही त्यामुळेच पिवळं. म्हैस मात्र हे बीटा-कॅरोटिन जवळजवळ सगळं 'अ' जीवनसत्त्वात बदलून टाकते. म्हणून तिचं दूध पांढरंशुभ्र, तूप पांढरं आणि चरबीही पांढरी, मग ती वर्षभर बरसीमवर असली तरी. दिल्लीतल्या झाकीर नगरच्या दुकानात पांढरी चरबी बघून 'हे धान्यावरचं दिसतंय' म्हणणारा ग्राहक आणि पिवळी चरबी शोधत हिंडणारा ग्राहक, दोघेही भलत्याच जनावराचं ज्ञान म्हशीवर लादत असतात. खऱ्या खुणा वेगळ्या आहेत. म्हशीचं मांस गायीच्या मांसापेक्षा गडद असतं. कोवळ्या जनावराचं त्यातल्या त्यात उजळ लाल, हाडाच्या टोकाला कुर्चा जास्त, स्नायूंचा तंतू बारीक. वय झालेल्या जनावराचं मांस काळपट लाल, तंतू जाड, शिरा आणि पडदे पक्के. दोन्ही वाईट नाहीत. दोन्हींची भांडी वेगळी आहेत, इतकंच.

आता आरोग्याचा दावा. गवतावर वाढलेल्या जनावराच्या मांसात एकूण चरबी कमी असते, ओमेगा-3 चं प्रमाण जास्त असतं आणि 'ई' जीवनसत्त्वही थोडं जास्त सापडतं, हे खरं आहे. पण प्रमाण जास्त असणं आणि ताटात पुरेसं पडणं यांत फरक आहे. असं मांस शंभर ग्रॅम खाल्लं तर त्यातून मिळणारं ओमेगा-3 साधारण शंभर मिलिग्रॅमच्या आतबाहेर असतं, आणि त्यातलाही मोठा भाग वनस्पतींमध्ये सापडणाऱ्या प्रकाराचा. एक मोठा चमचा जवसाच्या चटणीतून याच प्रकारचं ओमेगा-3 ग्रॅमच्या वर मिळतं. बांगडा खाणाऱ्याला तर त्याहून उपयुक्त प्रकारचं मिळतं. ओमेगा-3 साठी दुप्पट-तिप्पट पैसे मोजून मांस घेणं हा हिशेबच चुकीचा. मांसातून घ्यायचं ते उत्तम प्रथिन, शरीरात सहज शोषलं जाणारं लोह, जस्त आणि ब-12 जीवनसत्त्व. हे सगळं झाकीर नगरच्या किंवा दर्यागंजच्या साध्या बड्याच्या गोश्तात आहे, आणि स्नायूंतली चरबी मुळातच कमी असल्यानं ते कुठल्याही महागड्या पाकिटाइतकं कृश आहे. रक्तक्षयानं बेजार असलेल्या देशात बकऱ्याच्या मटणापेक्षा कितीतरी कमी दरात मिळणारं हे लोह हलकं समजणं हा शहाणपणा नव्हे.

उरतो चिवटपणाचा आक्षेप, आणि तोच मुख्य आहे. मांस चिवट लागतं त्याची दोन कारणं. पहिलं कारण कोलॅजेन. स्नायूंना बांधून ठेवणाऱ्या या प्रथिनाचे दुवे वयाबरोबर पक्के होत जातात, आणि ज्या स्नायूंनी जन्मभर काम केलं त्यांत ते जास्त असतं: पिंढरी, मान, छाती. हे कोलॅजेन मोठ्या आचेनं मऊ होत नाही. मोठी आच स्नायूंचे तंतू आवळते, त्यांतलं पाणी पिळून काढते आणि मांस रबरासारखं होतं. तेच मांस झाकण लावून, पाणी जेमतेम हलत राहील इतक्या आचेवर काही तास ठेवलं की कोलॅजेन विरघळून जिलेटिन होतं, आणि रश्शाला तो ओठांना चिकटणारा दाटपणा येतो. दुसरं कारण आपल्या बाजाराच्या घाईत आहे. जनावर कापल्यावर काही तासांत स्नायू ताठरतात आणि तो ताठरपणा हळूहळू उतरायला एक-दोन दिवस लागतात. परदेशात बीफ बहुधा आठवडा-दोन आठवडे थंड ठेवून मगच विकतात. दिल्लीत पहाटे कापलेलं सकाळी दुकानात आणि दुपारी कुकरमध्ये असतं, आणि त्यालाच आपण ताजं म्हणून डोक्यावर घेतो. ताठरलेलं मांस शिजवलं तर ते चिवट लागणारच. घरी आणल्यावर पुसून, झाकून, फ्रिजच्या सर्वांत थंड कप्प्यात एक-दोन दिवस ठेवलं आणि मग शिजवलं, तर तोच तुकडा वेगळा लागतो. आणल्याआणल्या फ्रीझरमध्ये टाकू नये. ताठरपणा पुरता येऊन उतरण्याआधीच गोठलेलं मांस वितळताना आणखी आखडतं. यातल्या कशालाही शिक्का लागत नाही.

जुन्या दिल्लीच्या स्वयंपाकानं हे शास्त्र परिभाषेशिवाय आत्मसात केलेलं आहे. निहारीचंच बघा. कसायाकडून घ्यायचं ते 'बोंग', म्हणजे पिंढरीचं मांस, ज्यात शिरा आणि पडदे सर्वांत जास्त; सोबत नळीची हाडं. अंडरकटला दुपटीनं पैसे देणारा ज्याच्याकडे ढुंकून बघणार नाही, नेमका तो भाग. देगेत तूप किंवा तेल, कांदा, आलं-लसूण. त्यावर मांस परतून बडीशेप, सुंठ, पिंपळी, जायपत्री, मोठी वेलची यांची पूड. मग भरपूर पाणी, झाकण कणकेनं लिंपून बंद, आणि रात्रभर इतकी मंद आच की कान लावला तरच आतली खदखद ऐकू यावी. पहाटे झाकण फोडून कणीक पाण्यात कालवून घालायची, म्हणजे वर आलेली चरबी आणि खालचा रस्सा एकजीव होतो. ताटात वरून आल्याचे काप, हिरवी मिरची, कोथिंबीर आणि लिंबू, सोबत खमिरी रोटी. ज्या तुकड्याला सुरी लागत नव्हती तो चमच्यानं तुटतो. घरी हेच जाड बुडाच्या भांड्यात चार-पाच तासांत होतं. वेळ नसेल तर कुकरमध्ये पहिल्या शिटीनंतर आच अगदी बारीक करून चाळीस-पन्नास मिनिटं, आणि वाफ आपोआप उतरू द्यायची. शिटी उचलून घाई केली की मांसातलं पाणी जातं. सलगम घालून रात्रभर शिजणारी शबदेग, अख्ख्या मसाल्यांचा आणि भरपूर कांद्याचा दिल्लीकर 'इश्टू', हलीम, सगळ्यांमागे हीच समज आहे. दक्षिणेतून दिल्लीत आलेला केरळचा बीफ फ्रायसुद्धा आधी झाकून पूर्ण शिजवतात आणि मगच खोबऱ्याचे काप, कढीपत्ता, मिरी घालून कोरडा परततात. प्रदेश बदलला, मसाला बदलला, तरी कृश आणि कष्टाळू जनावराच्या मांसाला दिलेलं उत्तर एकच आहे.

यावर कोणी म्हणेल, 'पण आम्हाला स्टेक खायचा आहे, निहारी नको.' खुशाल खावा. अंडरकट किंवा कोवळ्या जनावराचा पुठ्ठा तंतूंना आडवा कापून, कडकडीत तव्यावर पटकन परतता येतो. कबाबाच्या तुकड्यांना कच्ची पपई किंवा कचरी लावता येते, फक्त बेतानं आणि तासाभरासाठी. कारण पपईतलं पेपेन वरचा थर पिठूळ करतं आणि आतपर्यंत पोहोचत नाही. पण एक इशारा द्यायलाच हवा. परदेशी पुस्तकं सांगतात तसं आतून कच्चं, रक्ताळलेलं बीफ खाणं म्हणजे त्या देशांच्या तपासणीवर आणि थंड साखळीवर टाकलेला भरवसा आहे. ती साखळी आपल्याकडे अखंड नाही. खिमा तर आतपर्यंत पूर्ण शिजायलाच हवा. शिवाय एका जनावरात अंडरकट निघतो दोन-चार किलो. उरलेलं सगळं जनावर कनिष्ठ ठरवून ज्या खवय्येगिरीला प्रतिष्ठा मिळते ती मारल्या गेलेल्या जिवाचीही कदर करत नाही. नळीपासून पायापर्यंत, छातीपासून जिभेपर्यंत सगळं शिजवणारं घर त्या जिवाशी जास्त प्रामाणिक असतं.

शिक्क्याच्या बाजूनं एक युक्तिवाद मात्र गंभीर आहे, आणि त्याला गंभीर उत्तर दिलं पाहिजे. जनावर काय खातं हे ग्राहकाला कळायला नको का? नक्कीच कळायला हवं. 2024 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयापुढे शहरातल्या डेअऱ्यांचं प्रकरण चाललं तेव्हा गाझीपूर आणि भलस्वा इथल्या डेअऱ्या कचऱ्याच्या डोंगरांना खेटून आहेत आणि जनावरं तिथला घातक कचरा खातात, ही गोष्ट पुढे आली. त्यांच्या दुधात काय उतरत असेल, ही चिंता न्यायालयानं बोलून दाखवली. ती जनावरं पुढे कुठं जातात, हा प्रश्न दुधाइतकाच मांसाचा आहे. पण याचं उत्तर पाकिटावर गवताची हिरवी पात छापून मिळत नाही. पश्चिम उत्तर प्रदेशातली म्हैस गोठ्यातून पैंठेत, म्हणजे गुरांच्या बाजारात, पैंठेतून व्यापाऱ्याकडे, तिथून कत्तलखान्यात जाते. इतक्या हातांतून गेलेल्या जनावराच्या चाऱ्याची ग्वाही शेवटचा दुकानदार कशाच्या बळावर देणार? त्यापेक्षा जे तपासता येतं त्याचा आग्रह धरावा. जनावरांच्या कानात बारा अंकी ओळख क्रमांकाचा बिल्ला लावण्याची सरकारी योजना चालू आहे. त्याच क्रमांकावर औषधांची नोंद असावी, कत्तलीआधी आणि नंतर पशुवैद्याची तपासणी व्हावी, मांस थंड गाडीतून दुकानात यावं आणि दुकानात परवाना भिंतीवर दिसावा. ईदगाहचा जुना कत्तलखाना बंद होऊन 2009 मध्ये गाझीपूरला आधुनिक कत्तलखाना सुरू झाला, ते याच दिशेनं टाकलेलं पाऊल होतं. भारतानं 2023-24 मध्ये सुमारे 13 लाख टन म्हशीचं मांस परदेशी पाठवलं, आणि त्या मांसाला तपासणी, थंड साखळी, कागदपत्रं सगळं असतं. परदेशातल्या ग्राहकाला मिळणारी स्वच्छता ओखल्याच्या ग्राहकाला का मिळू नये, हा खरा प्रश्न आहे.

ती मिळत नाही याचं मोठं कारण भीती आहे, आणि ही गोष्ट पाककृतींच्या लेखांत कोणी लिहीत नाही. 28 सप्टेंबर 2015 रोजी दादरीजवळच्या बिसाहडा गावात, म्हणजे राजधानी परिसराच्या हद्दीतच, घरात गोमांस असल्याच्या अफवेवरून जमावानं मोहम्मद अखलाक यांना ठार मारलं. नंतर मांसाचा नमुना तपासायला गेला. पहिल्या अहवालात ते बकऱ्याचं ठरलं, पुढच्या अहवालात गोवंशाचं. या दोन अहवालांवर वर्षानुवर्षं वाद झाला, जणू एका उत्तरानं खून क्षम्य ठरणार होता. त्याच वर्षी 26 ऑक्टोबरला दिल्लीच्या केरळ हाउसमध्ये गोमांस मिळतं अशा तक्रारीवरून पोलीस उपाहारगृहात पोहोचले. तिथं शिजत होतं ते म्हशीचं मांस, पूर्ण कायदेशीर. 2017 च्या मार्चमध्ये उत्तर प्रदेशात बेकायदा कत्तलखान्यांवर कारवाई सुरू झाली आणि परवान्याचं नूतनीकरण रखडलेली छोटी दुकानंही तिच्या तडाख्यात सापडली. त्याच वर्षी मे महिन्यात केंद्रानं गुरांच्या बाजारांसाठी केलेल्या नियमांनी कत्तलीसाठीच्या विक्रीवर म्हशींसह बंदी घातली. ती जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयानं रोखली. या सगळ्याचा परिणाम थेट भांड्यात उतरतो. घाबरलेला दुकानदार काचेचं कपाट आणि शीतपेटी बसवत नाही, दर्शनी पाटी लावत नाही, काळ्या पिशवीत मांस बांधून देतो. घाबरलेलं गिऱ्हाईक बोंग की सीना (छाती), कोवळं की जून, कधी कापलं, असं काही विचारत थांबत नाही. लपूनछपून झालेल्या व्यवहारात स्वच्छतेची हमी देणारं कोणी उरत नाही. मांसाच्या दर्जाविषयी कळकळ असणाऱ्यानं गवताआधी या भीतीविषयी बोललं पाहिजे.

इथं भावनांचा आक्षेप येतो. राजधानीच्या आसपास बहुसंख्यांना बीफ ऐकूनच त्रास होतो, मग त्याच्या पाककृतींची चर्चा हवी कशाला, असं विचारलं जातं. ज्यांना खायचं नाही त्यांच्यावर कोणी सक्ती करत नाही, करूही नये. गायीविषयीची श्रद्धा कायद्यानं आधीच जपलेली आहे आणि हा लेख तो कायदा मोडा असं सांगत नाही. पण म्हशीच्या मांसाकडे तिरस्कारानं बघणाऱ्या घरांनी एक हिशेब मांडावा. देशाच्या दुधात म्हशीचा वाटा जवळपास निम्मा आहे, आणि 2019 च्या पशुगणनेत देशात जवळपास 11 कोटी म्हशी मोजल्या गेल्या, त्यांतल्या सर्वांत जास्त उत्तर प्रदेशात. दूध हवं तर म्हैस पुन्हा पुन्हा व्यायली पाहिजे. व्यायली की निम्मी रेडकं नर असणार. आणि म्हैस कधीतरी आटणारच. त्या रेड्यांना आणि आटलेल्या म्हशींना विकून येणाऱ्या पैशांतून शेतकरी नवी म्हैस घेतो. दिल्लीतलं पनीर, मलईचं दूध आणि तूप ज्या चक्रावर उभं आहे त्याच चक्राचा दुसरा अर्धा भाग म्हणजे हे मांस. पहिला अर्धा पवित्र आणि दुसरा अर्धा गलिच्छ, ही विभागणी सोयीची असेल, खरी नाही.

पर्यावरणाचा आक्षेप सर्वांत वजनदार आहे आणि तो झटकून टाकता येणार नाही. रवंथ करणारं प्रत्येक जनावर मिथेन सोडतं, गवतावरचंही. उलट गवतावर ते सावकाश वाढतं, जास्त जगतं आणि किलोमागे जास्त मिथेन सोडतं. ऑक्सफर्डमधून 2017 मध्ये निघालेल्या 'ग्रेझ्ड अँड कन्फ्युज्ड' या अहवालाचा निष्कर्षही हाच होता की कुरणांच्या मातीत साठणारा कार्बन जनावरांच्या उत्सर्जनाची भरपाई करू शकत नाही. म्हणजे 'गवतावरचं म्हणून निसर्गस्नेही' हा दावाही टिकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं 2015 मध्ये लाल मांस 'बहुधा कर्करोगकारक' गटात टाकलं, तेव्हा तिनंही गवत आणि धान्य असा भेद केला नाही. या दोन्हींवर प्रामाणिक उत्तर एकच: कमी खावं. दिल्ली परिसरातलं म्हशीचं मांस मुख्यतः दुग्धव्यवसायातून येतं, त्यामुळे त्याचं ओझं दुधात वाटलं जातं, पण ओझं आहेच. आणि कमी खाण्याची कलाही याच स्वयंपाकात आहे. एक किलो बोंग आणि दोन नळ्यांची निहारी आठ-दहा माणसांना पुरते, कारण चव हाडांतून आणि रश्शातून येते. तेवढ्याच किलोचे स्टेक चार ताटांत संपतात.

महाराष्ट्रातल्या वाचकानं हे दिल्लीचं प्रकरण म्हणून सोडून देऊ नये. 2015 मध्ये आपल्याकडेही बैल आणि वळू बंदीच्या कक्षेत आले आणि उरली ती म्हैसच. 6 मे 2016 रोजी मुंबई उच्च न्यायालयानं ती बंदी कायम ठेवली, मात्र राज्याबाहेर कायदेशीरपणे कापलेल्या जनावराचं मांस जवळ बाळगणं गुन्हा ठरवणारं कलम रद्द केलं. घरात माणूस काय खातो यात डोकावणं हा खासगीपणावरचा घाला आहे, असं त्या निकालाचं सूत्र होतं. ऑगस्ट 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा मूलभूत हक्क ठरवला, तेव्हा न्या. चेलमेश्वर यांनी आपल्या निकालपत्रात लोकांनी काय खावं हे सरकारनं सांगण्याचा उल्लेख आवर्जून केला. आपल्या भाषेत शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' 2015 मध्ये आलं आणि मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या चुलीवर काय, कसं शिजायचं, मांसाच्या चान्या उन्हात वाळवून पुढच्या दिवसांसाठी कशा राखल्या जायच्या, हे पहिल्यांदा इतकं सविस्तर छापलं गेलं. मिळेल ते मांस, मिळेल तो भाग, वाया न घालवता शिजवण्याची ती विद्या आणि जुन्या दिल्लीच्या देगेतली विद्या एकाच गरजेतून आली आहे. दोन्ही विद्या ज्यांच्याकडे आहेत त्यांना आपण शतकानुशतकं हिणवत आलो. आता तेच मांस परदेशी नावानं आलं तर त्याला मान द्यायचा आणि गल्लीतल्या कसायाला नाक मुरडायचं, ही जुन्या भेदभावाची नवी आवृत्ती आहे.

म्हणून ज्यांना बीफ खायचं आहे त्यांना सांगणं एवढंच. परवाना असलेल्या दुकानातून, उजेडात, नाव घेऊन बोंग मागा. कधी कापलं ते विचारा, घरी एक-दोन दिवस थंड ठेवा, बारीक आचेवर झाकून शिजवा, आणि थोडं खा. जे खात नाहीत त्यांनी शेजारच्या भांड्यात काय आहे याची चौकशी सोडून द्यावी. आणि महापालिकेकडे, राज्याकडे दोघांनीही मिळून मागणी करावी ती स्वच्छ कत्तलखान्यांची, नियमित तपासणीची आणि वेळेवर मिळणाऱ्या परवान्यांची. दिल्लीतल्या बीफचा दर्जा यानंच सुधारेल; पाकिटावरच्या गवतानं तो सुधारणार नाही.